दर नवमीला नवा विलाप

माझ्या बहिणीचे श्राद्ध पितृपक्षातल्या अविधवा नवमीला होते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी तो दिवस राखलेला आहे. ठाण्याला माझ्या मेहुण्यांच्या घरी त्या दिवशी ब्राह्मण जेवतात, एक सवाष्ण जेवते, आणि कचेरीतली व वकिलांपैकी पाच-सात मंडळीही पंगतीला असतात. मंडळींचा ओढा श्राद्धाकडे नसतो. जेवणे झाली की ओसरीवर जाजम पडते, पानाचे तबक येते, आणि मेहुणे आपली कविता वाचतात. बायको गेल्यावर त्यांनी रचलेला विलाप तो. ठाण्यात आणि कल्याणात त्याचे नाव झाले आहे.

मीही दरवर्षी कल्याणहून जात असे. आई बरोबर असे. मी भिंतीला टेकून बसायचो आणि समोरच्या माणसांच्या तोंडांकडे पाहायचो. कोणाच्या मिशीला खीर लागलेली असे. कोणी वड्याची ढेकर दाबून डोळ्याला उपरणे लावी. माझी बहीण जिथे मरते त्या श्लोकाला "वाहवा, पुन्हा" असा आवाज येई, आणि मेहुणे तिला पुन्हा मारीत. मी पाण्याचे निमित्त करून परसात जायचो, उभा राहायचो आणि परत येऊन बसायचो. न जाण्याची सोय नव्हती. तिची मुलगी त्या घरात होती.

ती कशी गेली हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे समजेल.

दुसऱ्या बाळंतपणाला ताई आमच्याकडे कल्याणला आली होती. मूल दुसऱ्या दिवशी गेले. तिला ताप भरला, तो उतरला नाही. मी वैद्यांना घेऊन आलो तेव्हा दुपार टळत होती. बाळंतिणीच्या खोलीत शेपाची धुरी भरून राहिली होती. आईने तिचे डोके मांडीवर घेतले होते. ताई म्हणाली, "धुरी पुरे आता, डोळे चुरचुरतात." आईने मला खूण केली, मी निखाऱ्यांचे भांडे उचलून बाहेर ठेवले. परत आलो तेव्हा ती गेली होती. एवढेच. तिची दोन वर्षांची मुलगी शेजारच्या अंगणात चिंचोक्यांशी खेळत होती.

मेहुणे ठाण्याला कचेरीत होते. निरोप गेला, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, सगळे उरकल्यावर. याबद्दल माझ्या मनात कधी राग नव्हता. निरोप वेळेवर पोचणे त्यांच्या हातात नव्हते. दिवसकार्य होईपर्यंत ते आमच्या ओसरीवर बसून होते. जेवायला वाढले तर जेवत, नाही वाढले तर मागत नसत.

तेराव्याच्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवले आणि काही ओव्या म्हणून दाखवल्या. आवाज नीट लागत नव्हता. मध्येच थांबून ते जमिनीकडे पाहत राहत. ते कविता करतात हे मला ठाऊक होते. लग्नातली मंगलाष्टके, साहेबाच्या बदलीचे मानपत्र, असले काही ते लिहीत. या ओव्या तशा नव्हत्या. त्यातली एक मला अजून येते:

करपली पोळी ताटी वाढी।
हसे, पदर तोंडी ओढी।
म्हणे, आज इतुकी गोडी।
पुरे तुम्हां॥

ती अशीच होती. तिच्या पोळ्या करपत, आणि करपल्या की तिलाच हसू फुटे. ओवी ऐकून मी त्या दिवसांत पहिल्यांदा रडलो. ते मला म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. हे अगदी कच्चं आहे."

मी कोणाला सांगितले नाही. मला वाटले होते, हे पिकेल.

वर्षश्राद्धाला त्यांनी ओसरीवर जो विलाप वाचला त्यात ओवी एकही नव्हती. सगळे श्लोक शार्दूलविक्रीडितात होते. ताईची पोळी गेली होती, पदर गेला होता, हसणे गेले होते. तिच्या जागी कोणी सुशीला, मितभाषिणी, पतीच्या आधी न जेवणारी बाई येऊन बसली होती. माझी बहीण भूक लागली की स्वयंपाकघरात उभ्याने भात खाई. पहिलाच श्लोक असा होता:

गेली सोडुनि चंद्रिका मज कशी अंधार झाला उरी।

वृत्तात कुठे ढिले पडले नव्हते. मला त्याचाच जास्त उबग आला. चुका असत्या तर वाटले असते, माणूस अजून रडतो आहे.

मंडळी गेल्यावर मी त्यांना विचारले, त्या ओव्यांचे काय झाले. ते तबकातली सुपारी कातरीत होते. म्हणाले, "अरे, नवा तांदूळ शिजवून पाहिला आहेस ना? गोळा होतो. तोच वर्षभर मुरू दिला की शीत न् शीत मोकळं. दुःखाचंही तसंच आहे. तेव्हा मी रडत होतो, आता लिहितो आहे."

मी कल्याणचा. आमच्याकडे नव्या-जुन्या तांदळाचे ज्ञान शिकवावे लागत नाही. ते बोलले त्यात खोटे काही नव्हते. जुना भात मोकळा होतो तसा त्याचा वासही जातो, हे मला घरी पोचल्यावर सुचले.

त्या पहिल्या वाचनाला कोपरीकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांची मुलगी लग्नाची होती. कविता ऐकून ते इतके विरघळले की दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून विचारणा आली. जो माणूस मेलेल्या बायकोसाठी एवढा तळमळतो तो जिवंत बायकोला किती जपेल, असा त्यांचा हिशेब होता. लग्न झाले. माणसाने पुन्हा लग्न करू नये असे मी म्हणत नाही. घर होते, लहान मूल होते. पण माझ्या बहिणीचे मरण सोयरीक जुळवायला उपयोगी पडले, हे गिळायला मला जड गेले. नवी वहिनी तेरा वर्षांची होती. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात पहिल्या बायकोच्या प्रतिमेचा चांदीचा टाक बांधला. आईने तिला पोटच्या मुलीसारखी पहिली चोळी दिली. दर नवमीला ती पहाटे उठून पुरण वाटी, वडे तळी, आणि दुपारी दाराआड बसून ऐके की आता या घरात तसली स्त्री पुन्हा होणे नाही. तिने कधी तक्रार केली नाही. पण घावन उलटताना तिचा उलथना तव्यावर जरा जोरात आपटे, एवढे माझ्या ध्यानात आले होते.

मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत आमच्याकडे होती. मग बापाने तिला ठाण्याला नेले.

कविता दरवर्षी थोडी सरकत होती. एका नवमीला ताईचे डोळे हरिणीचे झाले. पुढल्या नवमीला ती मरताना पतीच्या पायांची धूळ मागू लागली. मग एका वर्षी जागाच बदलली. लग्नानंतर एकदा मेहुणे तिला कोलशेतला कोणाकडे घेऊन गेले होते, तेव्हा दोघे खाडीच्या काठी बसली होती. तेवढ्यावरून बाळंतिणीची खोली उठून खाडीच्या काठी गेली. टळटळीत दुपारी चांदणे पडले. आणि आईची मांडी जाऊन तिथे मेहुण्यांची मांडी आली:

अंकी ठेवुनि मस्तका मम सखी निद्रिस्त झाली सुखे।

या ओळीला त्या वर्षी तीनदा "पुन्हा" आले. एक वकील म्हणाले, "रावसाहेब, या एका ओळीसाठी माणसानं विधुर व्हावं." हशा पिकला. मेहुणेही हसले, मग हसू आवरून पुढे वाचू लागले. मी आत पाहिले. आई दाराशी बसली होती, आणि पदराने डोळे पुसत होती. जिच्या मांडीवर मुलगी गेली तीच बाई त्या ओळीला रडत होती. मी तेव्हा मनाशी म्हटले, तिला आपले दुःख आठवले असेल, ओळ नुसते निमित्त झाली असेल.

तसे नव्हते, हे पुढे दोन-तीन वर्षांनी कळले. भाची सुटीत आमच्याकडे आली होती. आई आणि ती सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी पलीकडे वाचत होतो. मुलीने आजीला विचारले, आई कशी गेली. आई म्हणाली, "तुझ्या बापाच्या मांडीवर गेली हो, भाग्याची."

मी पुस्तक मिटून जवळ गेलो. म्हटले, "आई, तुझ्या मांडीवर. या इथल्या खोलीत."

आईने माझ्याकडे पाहिले. ती फसवत नव्हती. सुपातले तांदूळ बोटाने सरकवत ती आठवू पाहत होती. "असेल," ती म्हणाली. "मी होतेच की. पण तोही होता रे. चांदणं पडलं होतं बघ."

त्या क्षणी मला जी शिसारी आली ती आईची नव्हती. चांगली रचलेली ओळ माणसाच्या डोक्यात शिरून तिथले आधीचे सामान बाहेर टाकते आणि आपण तिथे राहते, याची ती होती. मेहुण्यांनी फार तर आपले दुःख बदलले असते. ते त्यांचे होते. आईचे त्यांनी न विचारता नेले होते, आणि आईला पत्ताही नव्हता.

मुलीचे तर त्यांनी आधीच नेले होते. तिला आई आठवतच नव्हती. सातव्या वर्षी तिला सगळा विलाप पाठ होता. कोणी पाहुणे आले की बाप तिला समोर उभी करी, ती हात जोडून घडाघडा म्हणे, आणि पाहुणे तिच्या डोक्यावरून हात फिरवत. तिने ताट वाढताना मीठ विसरले, परकराला डाग पाडला, मोठ्याने हसली, की बाप म्हणे, तुझी आई कशी होती ते तुला पाठ आहे ना? वहिनीही म्हणे. वहिनीला मी दोष देत नाही. तीच काठी तिच्याही पाठीवर दरवर्षी पडत होती. पोर हळूहळू गप्प झाली. ताईची पोर, आणि तिला हसताना मी पाहिले नव्हते.

तिचे लग्न अकराव्या वर्षी ठरले. मी मामा, म्हणून दोन दिवस आधी ठाण्याला गेलो. मेहुण्यांनी मला बोलावून मंगलाष्टके वाचून दाखवली. मुलीच्या लग्नाची म्हणून स्वतः रचली होती. शेवटून दुसऱ्या श्लोकात स्वर्गातून आई आशीर्वाद देत होती:

स्वर्गींहूनि तुला कृपाळु जननी आशीस देते सुते।

मी त्यांना म्हटले, "भावोजी, एवढा श्लोक गाळा. तिच्यासाठी म्हणून."

"का रे? वृत्त बिघडलं आहे का?"

"नाही. पण तिला आईपायी आजवर फार बोलणी बसली. निदान अंतरपाटाशी तिला मोकळी राहू द्या."

त्यांना माझे म्हणणे खरोखर कळले नाही. ते म्हणाले, हाच श्लोक सगळ्यांच्या लक्षात राहील, बाकीचे तर कोणीही करील. मग त्यांनी मला समजावल्यासारखा आवाज लावला. "तुझा स्वभाव रुक्ष आहे. तुला सगळं जसंच्या तसं हवं असतं. जसंच्या तसं काही टिकत नाही, बाबा."

मी उठलो आणि परसात गेलो. मुलगी विहिरीच्या काठावर बसून हातांची हळद घासत होती. तिने मला पाहून जागा दिली. थोड्या वेळाने तिने विचारले, "मामा, आईला सगळं यायचं का रे?"

"सगळं म्हणजे?"

"स्वयंपाक. बोलणं. सासरी सगळे म्हणतील, त्या कवितेतल्या बाईंची मुलगी ना ही."

मी म्हटले, "तिला पोळ्या येत नसत. करपायच्या. आणि ती करपल्या म्हणून हसायची."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला सांगितले की तिची आई उभ्याने भात खायची, चिंच मिठाला लावून खायची आणि दात आंबले की दिवसभर कुरकुरायची, पालीला घाबरून माझ्या खांद्यावर चढायची. धुरीचे सांगितले. कोणाच्या मांडीवर ते सांगितले.

"मग आजी खोटं का सांगते?"

"खोटं नाही सांगत. तिला आता तसंच आठवतं."

तिने हातावरचे पाणी झटकले. "आणि तुला?"

"मला अजून आठवतं."

"मग तुझंही बदलायच्या आत सगळं सांग," ती म्हणाली.

मी सांगू लागलो, आणि घाबरलो. जे खात्रीने माझे होते ते फार थोडे निघाले. ताईचे डोळे कसे होते हे सांगायला गेलो तर तोंडात हरिणी आली. मी ती गिळली आणि म्हटले, डोळे मला आठवत नाहीत. आवाज आठवतो, जरा घोगरा होता. ती म्हणाली, "माझाही आहे." मग आम्हाला आतून हाका आल्या.

लग्नात मामा मुलीच्या मागे उभा राहतो. मी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले होते. आशीर्वादाचा श्लोक मेहुण्यांनी स्वतः म्हटला, गळा भरून. मांडवात बायकांचे हुंदके सुरू झाले. वकील मंडळींनी उपरणी वर केली. भटजींनीही नाक ओढले. माझ्या हाताखालचे खांदे हलले नाहीत. ती अंतरपाटाकडे सरळ पाहत होती, डोळे कोरडे. मागून कोणी बाई दुसरीला म्हणाली, "पोर निगरगट्ट हो. आईचं नाव निघालं तरी टिपूस नाही." मला त्या बाईचा राग आला नाही. त्या सगळ्या ओल्या गर्दीत ते कोरडे डोळे पाहून मला जरा श्वास घेता आला.

मेहुण्यांनाही ते दिसले होते. वरात गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. थकले होते. म्हणाले, "ती रडली नाही." ते पुढे म्हणाले, "तू तिला काहीतरी सांगितलंस."

"ताई कशी गेली ते सांगितलं."

ते आपल्या तळहातांकडे पाहू लागले. "मी तिथं नव्हतो हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण मला तिचं डोकं आठवतं रे. मांडीवर जड झालेलं."

त्यांच्या आवाजात तेराव्याच्या संध्याकाळचे काहीतरी होते. मला त्यांची दया यावी असे वाटले. आली नाही. मला वाटले, हेही पुढच्या वर्षी श्लोकात येईल.

ते आले नाही. दुसरे आले.

त्या भाद्रपदात आम्ही नेहमीप्रमाणे गेलो. भाची माहेरी आली होती. नवी सवाष्ण म्हणून ती ओसरीच्या दारापर्यंत पानाचे तबक घेऊन आली आणि तिथेच थांबली. आई आतल्या बाजूला बसली होती. मेहुण्यांनी विलाप वाचला, आणि शेवटी म्हणाले, यंदा दोन नवे श्लोक आहेत. त्या श्लोकांत अंतरपाट होता. मातेचे नाव कानी पडताच वधूच्या नेत्रांतून धारा लागल्या, आणि त्या धारांनी हातातल्या अक्षता भिजल्या, असे वर्णन होते. अक्षता भिजल्या त्या ओळीला मंडळी डोलली. एक म्हणाले, "पुन्हा."

दारातून आवाज आला, "मी रडले नव्हते, बाबा."

मोठ्याने नव्हता. घोगरा, साधा आवाज. पण मंडळी वळून पाहू लागली. मेहुणे हसले. म्हणाले, "अगं, काव्यात असं असतं."

"मग मला त्यातून काढा."

एका वकिलांनी गंमत केली की मुलगी सासरी जाऊन फिर्याद दाखल करायला शिकली, आणि दोघे-तिघे हसले. मेहुण्यांनी कागद सारखा केला. मुलगी तबक धरून उभीच होती. तेवढ्यात आतून आई बोलली, अगदी मायेने, "असं काय करतेस, बाळ? रडली होतीस की. मी पाहिलं ना. किती रडलीस."

आजीकडे तिने पाहिले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

इतक्या वर्षांत त्या ओसरीवर मी तोंड उघडले नव्हते. ती माणसे, ती खीर लागलेली तोंडे, ते भरल्या पोटाचे सुस्कारे, या सगळ्यांसमोर बोलायचीही मला किळस होती. मी म्हटले, "नव्हती रडली. मी तिच्या मागं उभा होतो."

कोणीतरी पान चघळायचे थांबले, मग पुन्हा चघळू लागले. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी कागद उलटला आणि दुसरा नवा श्लोक वाचायला घेतला. आवाज पहिल्या चरणाला थोडा कापला, दुसऱ्याला सावरला. भाचीने तबक खाली ठेवले, आत गेली, आणि आजीला उठवून जेवायला घेऊन गेली.